खाते आपले, अंगठा आपला. पैसा कोणाच्या हातात?

३० डिसेंबर २०१६ रोजी दिल्लीत 'भीम' नावाचे ॲप सुरू झाले. नोटाबंदीला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. 'भारत इंटरफेस फॉर मनी' या शब्दांवरून ते नाव तयार केले आहे, पण ते डॉ. भीमराव आंबेडकरांच्या नावावरून ठेवल्याचे पंतप्रधानांनी त्याच कार्यक्रमात सांगितले. काहींना आनंद झाला, काहींनी नुसता नावापुरता गौरव म्हणून नाक मुरडले. त्या वादात आम्हाला पडायचे नाही. पण बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली लंडनहून प्रसिद्ध झाला, १९२५ साली त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली, आणि रुपयाची किंमत घसरली की व्यापाऱ्याला लाभ होतो व मजुरीवर जगणाऱ्याला झळ बसते हे त्यांनी स्पष्ट मांडले. त्यांच्या नावाच्या ॲपकडे बघताना तोच प्रश्न विचारायला हवा : या व्यवस्थेत गरिबाच्या हाती काय पडते आणि मधल्यामध्ये काय गळते?

वस्तीत काम करणाऱ्या तरुणांकडे हल्ली लोक याच तक्रारी घेऊन येतात. लाडक्या बहिणीचे पैसे आले नाहीत, शिष्यवृत्ती 'जमा' दिसते पण पासबुकात नाही, खात्यातून चारशे छत्तीस रुपये कोणी कापले, मशीनवर अंगठा लागत नाही. अर्ज भरून देणारे कार्यकर्ते पुष्कळ आहेत; पैसा ज्या वाटेने येतो ती वाट माहीत असणारे फार थोडे. ती वाट इथे समजून घेऊ.

शाखेपासून दुकानापर्यंत

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ पासून प्रादेशिक ग्रामीण बँका आल्या, १९८० मध्ये आणखी सहा बँका सरकारी झाल्या. शाखा तालुक्यापर्यंत, मोठ्या गावापर्यंत पोहोचल्या. पण शाखा गावात येणे आणि गावकुसाबाहेरचा माणूस त्या शाखेत ताठ मानेने शिरणे यांत अंतर होते. स्लिप भरता येत नाही म्हणून रांगेतून बाजूला काढलेली आई आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. बँकेचेही गणित होते : पन्नास-शंभर रुपये भरणाऱ्या खातेदारावर कारकुनाचा वेळ घालवणे परवडत नाही.

ते गणित बदलायला दोन निर्णय कारणीभूत ठरले. नोव्हेंबर २००५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना शून्य किंवा नाममात्र शिलकीची साधी खाती उघडायला सांगितले. जानेवारी २००६ मध्ये बँकांना शाखेबाहेर प्रतिनिधी नेमण्याची परवानगी दिली. आज आपण ज्याला बँक मित्र, ग्राहक सेवा केंद्र किंवा नुसते 'सीएसपीवाला' म्हणतो, तो या दुसऱ्या निर्णयातून आला. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना सुरू झाली तेव्हा ही चौकट तयारच होती. तिच्यावर खात्यांचा डोंगर उभा राहिला. ऑगस्ट २०२३ पर्यंत जनधन खाती पन्नास कोटींच्या पुढे गेली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक स्त्रियांची आहेत.

जागतिक बँकेच्या 'ग्लोबल फिन्डेक्स' पाहणीनुसार २०११ साली भारतातील ३५ टक्के प्रौढांचे खाते होते, २०२१ साली ७८ टक्क्यांचे. दहा वर्षांत एवढी झेप. पण त्याच २०२१ च्या पाहणीत भारतातील खातेदारांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांनी वर्षभरात खात्यात काही भरलेही नव्हते आणि काढलेही नव्हते. सरकारी जाहिरातीत पहिला आकडा असतो. आपल्याला दुसऱ्याशी काम आहे.

पैसे नेमके कुठे जातात

पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. आज लाडकी बहीण, स्वाधार, भारत सरकार शिष्यवृत्ती यांसारखे बहुतेक लाभ आधारच्या आधारे खात्यात येतात. यात एक बारकावा आहे आणि निम्म्या तक्रारी त्यातूनच निघतात.

अर्जात आपण खाते क्रमांक लिहितो. पण आधारवर आधारलेले पैसे बहुधा त्या खाते क्रमांकावर पाठवले जात नाहीत, आधार क्रमांकावर पाठवले जातात. कोणता आधार कोणत्या बँकेशी जोडला आहे याची एक यादी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे असते. एका आधारपुढे एकाच बँकेचे नाव असते, आणि सगळ्यांत शेवटी जिथे जोडणी झाली तिचे. त्यामुळे एखाद्या मुलाने अर्जात गावच्या सरकारी बँकेचे खाते लिहिले आणि मधल्या काळात शहरात नवे सिम घेताना किंवा नोकरीच्या ठिकाणी दुसरे खाते उघडताना आधारची जोडणी तिकडे सरकली, तर शिष्यवृत्ती त्या दुसऱ्या खात्यात जाते. तो समाजकल्याण कार्यालयात खेटे घालतो, तिथले बाबू 'पैसे गेलेत' म्हणतात, आणि दोघेही खरे बोलत असतात. २०१७ साली एका मोबाईल कंपनीच्या पेमेंट बँकेने सिम पडताळणीच्या निमित्ताने लाखो ग्राहकांची खाती त्यांच्या स्पष्ट संमतीविना उघडली आणि त्यांचे गॅस अनुदान तिकडे वळले, तेव्हा ही गोष्ट देशभर गाजली होती.

बँकेत 'आधार लिंक आहे का' असे विचारले तर 'आहे' असे उत्तर येते, कारण केवायसीसाठी आधारची प्रत दिलेली असते. विचारायचे ते वेगळे : 'डीबीटीसाठी आधार सीडिंग आहे का?' आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहता येते. त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. कोणतीही तक्रार लिहिण्याआधी हे पाहावे. आमचा अनुभव असा की दहा तक्रारींपैकी दोन-तीन तिथेच सुटतात, कारण पैसे विसरलेल्या खात्यात आरामात पडलेले सापडतात.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी दोन खाचखळगे आहेत. शाळेत असताना उघडलेले खाते अज्ञानाचे असते. अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी करून सही द्यावी लागते, नाहीतर व्यवहार अडतात. दुसरे, कागदपत्रे अपुरी असताना उघडलेले 'लघु खाते'. त्यातून महिन्याला दहा हजारांपेक्षा जास्त काढता येत नाहीत. फी भरायची शेवटची तारीख आणि ही मर्यादा एकदम आठवली की काय होते ते होस्टेलवरच्या मुलांना विचारा. पूर्ण केवायसी दिली की ही मर्यादा उठते. त्यासाठी अर्धा दिवस लागतो, म्हणून कॉलेज सुरू होण्याआधीच ते काम उरकावे.

अंगठ्याचे मशीन

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी डिजिटल बँकिंग म्हणजे दुकानातले अंगठ्याचे मशीन. बँकेचे नाव सांगायचे, आधार क्रमांक द्यायचा, बोट ठेवायचे, पैसे घ्यायचे. एका व्यवहारात कमाल दहा हजार. कार्ड नको, पिन नको, सही नको. लिहिता न येणाऱ्या माणसाला एवढी सोपी बँक आजवर मिळाली नव्हती, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. निराधार योजनेच्या पैशासाठी तालुक्याला जाऊन येण्यात एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी बुडायची. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक १ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाल्यापासून अनेक ठिकाणी पोस्टमनही असे मशीन घेऊन दारात येतो. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांसाठी ही सोय मोठी आहे आणि आपल्या वस्त्यांत ती फार कमी जणांना ठाऊक आहे.

आता दुसरी बाजू. आपल्या आई-आजीच्या पिढीचा अंगठ्याशी जुना संबंध आहे. सावकाराच्या कोऱ्या कागदावर उठवलेला अंगठा, रोजगार हमीच्या हजेरीपटावर उठवलेला अंगठा. वर काय लिहिले आहे ते अंगठा देणाऱ्याला वाचता येत नसे. मशीनवर अंगठा देतानाही पडद्यावर काय आहे ते बहुतेकींना वाचता येत नाही. पडदा दुकानदाराकडे तोंड करून असतो.

गावात हा दुकानदार कोण असतो तेही बघा. बँकेच्या कारकुनाला आपले आडनाव कळायला वेळ लागायचा. याला सात पिढ्या पाठ असतात. बऱ्याच गावांत केंद्र किराणा दुकानातच असते आणि दुकानदाराच्या वहीत उधारी असते. पेन्शन काढायला आलेल्या बाईच्या हातात पैसे देण्याआधीच तो उधारी वळती करून घेतो. तिला त्या महिन्यात औषध आणायचे होते की उधारी फेडायची होती, हे तिने ठरवायला हवे, ठरवतो तो. उधारी खोटी असतेच असे नाही. पण सरकारने तिच्या खात्यात टाकलेला पैसा तिच्या हातात पडायच्या आधी दुसऱ्याच्या गल्ल्यात जात असेल, तर त्याला आर्थिक समावेशन म्हणायला आमची जीभ धजावत नाही.

मशीनवरचे नेहमीचे प्रकार कार्यकर्त्यांनी ओळखायला शिकले पाहिजे. पहिला, हजारामागे दहा-वीस रुपये 'चार्ज'. बँक प्रतिनिधीने ग्राहकाकडून स्वतःसाठी परस्पर शुल्क घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे; त्याचे कमिशन त्याला बँक देते. दुसरा, 'अंगठा नीट लागला नाही, पुन्हा ठेवा' असे म्हणून दोनदा पैसे काढणे. तिसरा, 'आजी, सर्व्हर डाऊन हाय, उद्या या'. खात्यातून रक्कम गेलेली असते आणि आजी रिकाम्या हाताने घरी. यातला प्रत्येक 'सर्व्हर डाऊन' खोटा नसतो, नेटवर्कची रड आपल्या भागात खरीच आहे. म्हणूनच पावती महत्त्वाची. व्यवहार फसला तरी पावती मागायची, आणि पैसे काढल्यावर शिल्लक किती तेही छापून घ्यायचे. २० सप्टेंबर २०१९ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार मशीनवर रक्कम कापली गेली पण व्यवहार पूर्ण झाला नाही, तर पाच दिवसांत ती परत जमा व्हायला हवी; त्यापुढे प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. एटीएमला हाच नियम आहे. यूपीआयवरून कोणाला पाठवलेले पैसे मध्येच अडकले तर मुदत आणखी कमी, एका दिवसाची.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक या बाबतीत पाहण्यासारखी आहे. १९९७ साली सुरू झालेल्या या बँकेचा परवाना आधी नाकारला गेला होता, कारण प्रवर्तक बायका निरक्षर. संस्थापक चेतना गाला सिन्हा यांनी जाहीर भाषणात सांगितलेली हकिकत अशी की त्या बायका मग रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि 'आम्हाला वाचता येत नाही, पण व्याज तोंडी काढता येते, हवे तर तुमच्या माणसांशी लावून बघा' अशा अर्थाचे आव्हान देऊन परवाना घेऊन आल्या. पुढे डिजिटल व्यवहार आले तेव्हा याच बायकांनी पिनऐवजी अंगठा मागितला. पिन कोणीही चोरू शकतो, अंगठा कोण चोरणार, हा त्यांचा हिशेब. घरातल्या माणसापासूनही पैसा राखायचा असतो हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच तो सुचेल.

दुर्दैवाने अंगठाही चोरीला जाऊ लागला. जमीन-घराच्या नोंदणी दस्तांवरचे ठसे काही राज्यांत संकेतस्थळांवरून उचलून, त्यांची सिलिकॉनवर नक्कल करून खाती रिकामी केल्याचे गुन्हे उघडकीस आले आणि २०२३ मध्ये यंत्रणांनी इशारे दिले. यावर उपाय आहे : एम-आधार ॲपवर किंवा आधारच्या संकेतस्थळावर बायोमेट्रिक 'लॉक' करता येते आणि गरजेपुरते उघडता येते. १९४७ हा आधारचा मदत क्रमांक आहे. पण सरसकट सगळ्यांची बोटे लॉक करून टाकू नका. रेशन दुकानातही तोच अंगठा लागतो. महिन्याच्या मध्यावर घरात धान्य नसताना अंगठा बंद पडला तर शिव्या कार्यकर्त्यालाच बसतील, आणि त्या रास्त असतील. शहरात राहणारे, अंगठ्याने पैसे न काढणारे आपण लोक आपले लॉक करावे. ज्यांचे रोजचे जगणे अंगठ्यावर आहे त्यांच्या बाबतीत आधी विचारावे.

आणि ज्यांचा अंगठा उमटतच नाही त्यांचे काय? ऊस तोडणारी, भांडी घासणारी, खडी फोडणारी बोटे. मशीनला त्यांच्या रेषा सापडत नाहीत. वेगळे बोट लावून बघणे, डोळ्यांची किंवा चेहऱ्याची पडताळणी, नाहीतर रूपे कार्ड हे पर्याय आहेत. जनधनचे कार्ड बहुतेक घरांत लुगड्याच्या घडीत न वापरता पडलेले असते. ते चालू करून वापरण्याला आणखी एक कारण आहे. त्या कार्डावर अपघात विमा आहे, २८ ऑगस्ट २०१८ नंतरच्या खात्यांना दोन लाखांचा, आधीच्यांना एक लाखाचा; पण अपघाताआधीच्या ९० दिवसांत कार्डावर किमान एक व्यवहार झालेला असावा लागतो. तीन महिन्यांतून एकदा शंभर रुपये काढायचे, बस्स.

फोन कोणाचा आहे?

मोबाईलवरून पैसे पाठवणे ही भारताची देणगी नाही. ती मोठ्या प्रमाणावर रुजली केनियात. मार्च २००७ मध्ये तिथे 'एम-पेसा' सुरू झाले. नैरोबीत मजुरी करणारा माणूस कोपऱ्यावरच्या टपरीत रोख देतो, त्याच्या साध्या फोनवर ती जमा होते, संदेश पाठवून तो ती गावी पाठवतो, बायको गावच्या टपरीवर काढून घेते. बँक नाही, स्मार्टफोन नाही. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांचा अभ्यास २०१६ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. एम-पेसामुळे सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबे, म्हणजे देशातली दोन टक्के, दारिद्र्यातून वर आली असे त्यांचे अनुमान आहे. स्त्रिया कर्त्या असलेल्या घरांना फायदा अधिक झाला. कारण साधे : आजारपण आले, पीक बुडाले, तर लांबच्या नातेवाइकाकडून मदत त्याच दिवशी येऊ लागली, शेळी विकावी लागली नाही.

आपल्याकडे मुंबई-पुण्यातून गावी पैसे जायचे ते मनिऑर्डरने, शंभराला पाच रुपये देऊन, नाहीतर गावच्या माणसाच्या हाती, त्याच्या भरवशावर. ११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआय आले. ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यात हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. चौकातली भाजीवाली क्यूआर लावून बसते. या सोयीचे आम्हाला कौतुक आहे, आणि शुल्क नसण्याचे जास्त. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डाच्या व्यवहारांवर बँकेला शुल्क लावता येत नाही.

पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ दरम्यान, स्वतः वापरत असलेले बँक खाते आहे असे सांगणाऱ्या स्त्रिया ७८.६ टक्के होत्या आणि स्वतः वापरत असलेला मोबाईल आहे असे सांगणाऱ्या ५४ टक्के. मधल्या चोवीस टक्के जणींच्या खात्याचे संदेश कोणाच्या फोनवर जातात? नवऱ्याच्या, मुलाच्या, नाहीतर केंद्रवाल्याच्या. संदेश ज्याच्या फोनवर, ओटीपी त्याच्या हातात. ओटीपी ज्याच्या हातात, खाते त्याचे.

साध्या फोनवरही यूपीआय चालते हे सांगायला हवे. 'स्टार ९९ हॅश' दाबून इंटरनेटशिवाय शिल्लक पाहता येते, पैसे पाठवता येतात. ८ मार्च २०२२ पासून '१२३पे' ही साध्या फोनसाठीची सेवाही आहे. खेळण्यासारखा दिसणारा कीपॅड फोन पण स्वतःच्या नावाचा, हा घरातल्या सामायिक स्मार्टफोनपेक्षा बाईला जास्त उपयोगी पडतो असे आमचे मत झाले आहे.

फसवणुकीच्या हजार तऱ्हा आहेत, त्या सगळ्या पाठ करणे शक्य नाही. एकच गोष्ट मनावर बिंबवली तरी निम्मे काम होते : पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. क्यूआर स्कॅन करून 'पैसे मिळवा' म्हणणारा प्रत्येक जण चोर.

नवा सावकार

केनियाची गोष्ट अर्धीच सांगितली. तिथे २०१२ पासून फोनवरच कर्ज मिळू लागले, मग कर्ज देणाऱ्या ॲपांचा सुळसुळाट झाला आणि किरकोळ थकबाकीपायी लाखो लोकांची नावे पतमाहिती संस्थांच्या काळ्या यादीत गेली. आपल्याकडे करोनाच्या काळात तेच झाले. पाच हजारांचे कर्ज, सात दिवसांची मुदत, आणि चुकले की फोनमधल्या सगळ्या नंबरांवर बदनामीचे संदेश. गावचा सावकार निदान चारचौघांत ओळखीचा असे.

डिजिटल कर्जाबाबतचे रिझर्व्ह बँकेचे नियम कार्यकर्त्यांनी वाचून ठेवावेत. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात आली पाहिजे, एकूण खर्च दाखवणारे पत्रक आधी दिले पाहिजे, ॲपने फोनमधले नंबर आणि फोटो चाळता कामा नयेत, आणि सुरुवातीचे काही दिवस दंडाशिवाय कर्ज परत करून मोकळे होता आले पाहिजे. ज्या ॲपमागे कोणती बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्था आहे हे दिसत नाही, ते उघडूच नये. फेरीवाल्यांसाठी १ जून २०२० पासून स्वनिधी योजना आहे; वेळेवर फेडले तर पुढचे कर्ज मोठे मिळते, डिजिटल व्यवहारांवर थोडा परतावाही. पाच हजारांसाठी ॲपच्या जाळ्यात जाणारे हातगाडीवाले आधी तिकडे पाठवावेत.

पैसे गेले तर

१९३० हा क्रमांक. फसवणूक कळल्या कळल्या लावायचा. लवकर कळवले तर रक्कम मध्येच गोठवता येते. त्याच दिवशी बँकेत लेखी तक्रार आणि तिची पोच. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कोणाची असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवले असेल, तर ग्राहकाचे नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर साध्या शून्य-शिलकीच्या खात्यावर जास्तीत जास्त पाच हजारांचा भुर्दंड. ओटीपी किंवा पिन स्वतःच सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचे नुकसान आपले. अंगठ्याच्या चोरीत बाईने कोणाला काहीच सांगितलेले नसते, म्हणून तिथे हा नियम आग्रहाने पुढे करावा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. शुल्क नाही, वकील नको. माहितीसाठी १४४४८.

ते चारशे छत्तीस रुपये राहिले. ती जीवन ज्योती विम्याची वर्षाची रक्कम. वीस रुपये कापले असतील तर सुरक्षा विम्याची. संमतीविना कापले असतील तर तक्रार करायचीच. पण कोणाचे निधन झाले असेल तर आधी पासबुक उघडून ही नोंद शोधा. दोन लाखांचा हक्क असूनही घरच्यांना पत्ता नाही, अशी उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. साध्या बचत खात्यातून किमान शिलकीचा दंड कापला जात असेल तर ते शून्य-शिलकीच्या मूळ खात्यात बदलून मागता येते, त्याच बँकेत दुसरे बचत खाते नसले म्हणजे झाले. आणि दंड कापून शिल्लक शून्याखाली नेता येत नाही.

आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी आम्ही शिष्यवृत्तीचे आणि खाते उघडण्याचे अर्ज वस्तीत बसून भरून दिले. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्या अर्जावर आमच्यातल्याच एकाने आपला नंबर लिहिला. हेतू चांगला, वीस-पंचवीस घरे. वर्षभरात त्याने कंपनी बदलली, जुना नंबर रिचार्ज न होता बंद पडला आणि काही महिन्यांनी तो दुसऱ्याच कोणाला मिळाला. वीस-पंचवीस घरांच्या खात्यांचे ओटीपी एका अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ लागले. नशीब, तो भला निघाला. कंटाळून त्यानेच फोन करून विचारले की हे कोण लोक आहेत.

नंबर बदलायला प्रत्येकाला बँकेत आणि आधार केंद्रात स्वतः जावे लागले. सहा रविवार गेले, सोबत जाणाऱ्यांचे आणि मजुरी बुडवून येणाऱ्यांचेही. तेव्हापासून अर्जावर कार्यकर्त्याचा नंबर लिहायचा नाही, कोणाचा पिन लक्षात ठेवायचा नाही, कोणाचे कार्ड 'सांभाळायला' घ्यायचे नाही. फोन नसेल तर आधी साधा फोन आणि त्या बाईच्या नावाचे सिम, मग अर्ज. विहारात रविवारी पासबुके घेऊन बसतो तेव्हा पासबुक तिच्याच हातात ठेवतो आणि बोट तिला ठेवायला सांगतो : ही जमा, ही वजा, ही शिल्लक. अक्षर न येणाऱ्या बायकाही आकडे लगेच धरतात. दुसऱ्या रविवारी त्यांतली एक जण केंद्रावरची पावती घेऊन आली आणि म्हणाली, यात तीस रुपये कमी आहेत.